म्हैसमाळ, गारा आणि काळी माती

फाल्गुनात सायकल काढायची तर आभाळ बघून काढा, असं जो तो सांगतो. आम्ही तीन दिवस आभाळच बघत होतो. खाली जमीन कसली आहे ते कुणी बघितलं नाही आणि नेमकं तिथंच फसलो.

मंडळी चार. शाळेतले एक सर, दातांचे डॉक्टर, माझा आतेभाऊ आणि मी. छत्रपती संभाजीनगरहून म्हैसमाळच्या डोंगरमाथ्यावर जायला पहाटे साडेपाचला निघालो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि दौलताबाद हा सगळा डांबरी रस्ता. जाड टायर त्यावर नुसते घोंगावतात आणि मांड्या उगाच दुखतात, म्हणून निघताना हवा जास्त भरा आणि वर पोचल्यावर सोडा. किल्ल्याजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो. तिथं जागा चिंचोळी आहे, समोरून मोठी गाडी आली की पाय टेकून उभं राहण्याखेरीज इलाज नाही. गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत तो दरवाजा मागे टाकलेला बरा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर या रस्त्यावर फिरकूच नका. शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी तो भरून गेलेला असतो.

घाटात पळस फुलला होता. खुलताबादला चहा आणि पोहे झाले. (सरांनी दोन प्लेटा घेतल्या, पुढच्या चढाला त्या उपयोगी पडल्या असं त्यांचं म्हणणं.) शहर साधारण ५७० मीटरवर आणि म्हैसमाळ १०६७ मीटरवर, म्हणजे एकूण पाचशे मीटरची चढण. त्यातला शेवटचा टप्पा दमवतो. वर गिरिजामातेचं देऊळ आणि दूरदर्शनचा मनोरा. खरी मजा त्यापुढच्या माळावर आहे. मुरूम, उघडा खडक, वाळलेलं गवत आणि गुरांनी पाडलेल्या पायवाटा. टायर कसे छान धरतात! तासभर आम्ही चौघं पोरांसारखे हुंदडलो. तेवढ्यात बाभळीच्या काट्यांनी डॉक्टरांची ट्यूब दोनदा फोडली. बाकी तिघांच्या ट्यूब नसलेल्या टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव होता, त्यांना काटा लागल्याचं कळलंसुद्धा नाही. इकडे यायचं तर ट्यूबलेसच.

साडेअकराला उत्तरेकडून आभाळ काळवंडलं. माळावरून एक गाडीवाट खाली शेतांत उतरते, ती आम्ही धरली. इथं चुकलो. मुकाट्याने डांबरी रस्त्याने उतरायला हवं होतं. वाटेत एक म्हातारे मामा एकटेच ज्वारीच्या कणसांच्या ढिगावर ताडपत्री ओढत होते.

"कुठं चाललाव पोराहो? आभाळ उतरायलंय."

सायकली टाकून चारही कोपरे धरले, वर दगड ठेवले आणि त्यांच्या आखाड्यात, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोपीत शिरलो तोच पहिली गार पत्र्यावर वाजली. बोराएवढ्या गारा वीस मिनिटं पडत होत्या. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. मामांच्या तोंडी मात्र चौदा सालची गारपीट होती. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात रब्बी कशी झोपली ते इथं कुणाला सांगावं लागत नाही.

या दिवसांत बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतं, उत्तरेकडून कोरडी गार हवा येते आणि दुपारच्या उन्हाने जमीन तापली की ढग बघता बघता उभे चढतात. म्हणून सकाळच्या निळ्या आभाळावर भरवसा ठेवू नका. उतरण एकच्या आत संपेल असा हिशेब ठेवा. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा माळ सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

पाऊस थांबला. डांबरी रस्ता समोर दिसत होता, जेमतेम दीड किलोमीटर. मधे काळं रान. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि गुळाच्या पाकासारखी चिकटते. वीस पावलांत चाक आणि ते धरणारा फोर्क यांच्यामध्ये तिचा गोळा बसला, चाक फिरायचं थांबलं. सायकल खांद्यावर घेतली तर तीही दुप्पट जड. आतेभावाने हट्टाने पेडल मारलं, गिअर बदलताना साखळी सरकवणारं डिरेलर चिखलाने भरलेलं होतं, ते स्पोकमध्ये ओढलं गेलं आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडला.

माळावरच थांबून परतलो असतो तर हे झालं नसतं. मुरमावर पाऊस झाला तरी अर्ध्या तासात पुन्हा सायकल चालवता येते. काळ्या रानात निदान एक दिवस कडक ऊन पडल्याशिवाय चाक घालू नका. चिखलात सापडलातच तर जोर न लावता उतरा, काडीने माती काढा आणि गवत असलेल्या बांधावरून चाला.

हँगर मोडला तरी घरी येता येतं. आम्ही चेन-टूल या छोट्या हत्याराने साखळी तोडली, डिरेलर वगळून ती मागच्या मधल्या दातेरी चकतीवर सरळ रेषेत बसवली आणि मिसिंग लिंकने, म्हणजे जोडायच्या सुट्या कडीने जोडली. एकच गिअर उरला, पण मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर तेवढं पुरतं. आतेभाऊ चढाला ढकलत आणि उताराला बसून खुलताबादला पोचला.

गारांनंतर हवा एकदम गार झाली. ओल्या जर्सीवर घाट उतरताना डॉक्टरांचे दात वाजत होते. विंडचीटर नसेल तर किराणा दुकानातून प्लॅस्टिकची मोठी पिशवी घेऊन छातीवर, जर्सीच्या आत घाला. वर्तमानपत्रही चालतं.

घरी आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. माती वाळू द्या, हाताने ठोकली की ढेकळं पडतात, मग ओला फडका मारा. आतेभावाने हँगर दोन मागवलेत, त्याच्याच फ्रेमला बसणारे. बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो, दुकानात ऐनवेळी मिळत नाही. दुसरा त्याने सीटखालच्या पिशवीत शिवून टाकलाय.