चाळीतला कांदा आणि पेट्रापोलचं फाटक

२०२५च्या एप्रिलात आमची कांद्याची चाळ भरली तेव्हा आप्पा खुशीत होते. १ तारखेपासून २० टक्के निर्यातशुल्क गेलं होतं. त्याआधी काय काय नाही पाहिलं? २०२३च्या ऑगस्टात ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, ती ४ मे २०२४ला उठली तर वर टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यातदर आणि पुन्हा तेच ४० टक्के. "आते मोकयं व्हयनं भो," म्हणाले.

पण फाटकाला दोन कड्या. आपली निघाली, तर बांगलादेशाने आतून लावून घेतली. तिकडचा कांदा नुकताच निघालेला, त्याचा भाव पडू नये म्हणून त्यांनी आयातीचे परवाने रोखून धरले.

आप्पा चिडले. मला मात्र बांगलादेशाचा राग येत नाही, आणि यावरून आमची रोज जुंपते.

२९ सप्टेंबर २०१९ला आपण एका दिवसात निर्यात बंद केली होती. त्यानंतर काही दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला बिनकांद्याचं रांधायला सांगितलंय, पुढच्या वेळी निदान आधी कळवा. हसत म्हणाल्या, पण ढाक्यात नोव्हेंबरात किलोला २०० बांगलादेशी टकांच्या वर भाव गेला आणि विमानाने कांदा आणायची वेळ आली. एवढं होऊनही १४ सप्टेंबर २०२०ला आपण तेच केलं. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोलला ट्रक जागच्या जागी उभे. आमच्या ओळखीचा एक ड्रायव्हर त्यात अडकलेला. फोनवर म्हणायचा, ताडपत्री उचलली की वास बसू देत नाही. शेवटी वाटेतल्या मालापुरती २५ हजार टनांची सवलत दिली, तोवर गोण्यांतून पाणी गळत होतं. दोनदा असं झालं की कोणीही स्वतःच्या वावरात कांदा लावणारच की!

आमच्या साक्री तालुक्यात जूनचा पाऊस लागला की चाळीत दमट हवा कोंडते. कांद्याला काजळी धरते, मग कोंब. आई आणि दोन बाया दर आठवड्याला निवड करायच्या. चांगला एकीकडे, बारकी गोल्टी दुसरीकडे, सडका उकिरड्यावर. ८० क्विंटल भरला होता, सप्टेंबरात तोलला तर ५३. लिलावात जो भाव निघाला त्यात गाडीभाडं सुटलं, एवढंच.

त्याच आषाढीला आणखी एक गंमत. पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचं सीमेवरचं फाटक बंद झालं, मेमध्ये पाकिस्तानातून येणारा सगळाच माल बंद. आईचं उपासाचं शेंदेलोण तिकडच्या डोंगरातलं, हे तिला दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा कळलं. पुडा न घेता घरी आली आणि खिचडीत साधं मीठ टाकलं. विठ्ठलाशी तिचं काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

आता आप्पांनी निम्म्या वावरात मका लावलाय. उरलेल्या निम्म्यात कांदाच. सकाळी चहा घेताना पिंपळनेरचा भाव नंतर विचारतात, आधी माझ्या मोबाइलकडे बोट करून म्हणतात, "ढाकाले काय भाव शे रे?"