व्हीएम १०५ चं गोठणं थांबलं. पीबीएसचा (प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचा) बेत मात्र बदलतोय

मागच्या अपडेटमधलं कोडं एकदाचं सुटलं. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या खोक्यावर, बॅकअप घ्यायला लागलं की पोस्टग्रेस डेटाबेसवाली व्हीएम १०५ गोठायची आणि डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स'ची रांग लागायची. संशय एनएफएसवर, म्हणजे नॅसचं फोल्डर नेटवर्कवरून जोडणाऱ्या पद्धतीवर होता, पण वेग मोजणारं आयपर्फ सरळ सेकंदाला ९४० मेगाबिट देतंय. नेटवर्क निर्दोष.

गोम प्रॉक्समॉक्सच्या स्नॅपशॉट मोडमध्ये (व्हीएम चालू ठेवून बॅकअप घेण्याच्या पद्धतीत) आहे. व्हीएमसाठी हा मोड स्टोरेजचा स्नॅपशॉट घेतच नाही. व्हीएम चालवणारं क्यूईएमयू डिस्क वाचत पुढे जातं. मध्येच गेस्टने (व्हीएममधल्या सिस्टिमने) बॅकअप न झालेल्या ब्लॉकवर लिहायला घेतलं, की जुना ब्लॉक आधी शेअरवर (नॅसच्या त्या फोल्डरवर) पोचवायचा, मगच नवं लिहू द्यायचं. शेअर मंदावला की गेस्ट ताटकळलाच. त्यात नॅसमधल्या डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या): कॅश भरेपर्यंत सेकंदाला झकास ११० एमबी, मग धपकन १५. बॅकअपसाठी सीएमआरच (ट्रॅक वेगळे ठेवणाऱ्या) घ्या, आणि खोक्यावर भरवसा न ठेवता डेटाशीट बघा.

बँडविड्थ लिमिटने लोकल डिस्कवरचा ताण उतरतो, ताटकळणं तसंच राहतं.

उतारा म्हणजे फ्लीसिंग (जुने ब्लॉक आधी लोकल डिस्कवर उतरवणं), पीव्हीई, म्हणजे प्रॉक्समॉक्स, ८.२ पासून आलेलं. बॅकअप जॉबच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये टिक करून स्टोरेज म्हणून लोकल एनव्हीएमई एसएसडीचा थिन पूल (लागेल तेवढीच जागा व्यापणारा) द्यायचा. जुने ब्लॉक आता आधी तिथे उतरतात, शेअर त्याच्या चालीने उचलतो. १०५ ला पत्ताही लागत नाही! थिनच हवा, कारण फ्लीसिंग इमेज फुगून मूळ डिस्कएवढी होऊ शकते. पूल काठोकाठ असेल तर त्यावरच्या बाकी व्हीएमही गोत्यात. होस्ट मध्येच बंद पडला तर नावात 'फ्लीस' असलेली इमेज मागे उरलीय का बघा आणि हाताने उडवा.

कंटेनरना (होस्टचाच कर्नल वापरणाऱ्या हलक्या सिस्टिमना) हे लागू नाही. अनप्रिव्हिलेज्ड (मर्यादित अधिकारांचा) कंटेनर बॅकअप घेताना एनएफएसवर 'परमिशन डिनाइड' देत असेल, तर व्हीझेडडंप या बॅकअप साधनाच्या कॉन्फिगमध्ये टेम्प डिरेक्टरी लोकल करा.

आता पीबीएस. त्याचा डेटास्टोअर (बॅकअप साठवायची जागा) याच शेअरवर ठेवायचा विचार होता, पण त्यात ६५,५३६ फोल्डर आणि असंख्य छोटे चंक (डेटाचे तुकडे). गार्बेज कलेक्शन (नको असलेले चंक काढण्याचं काम) प्रत्येक वापरातल्या चंकचा अॅक्सेस टाइम बदलतं. नेटवर्कवरून ते रांगणारच. त्यापेक्षा पीबीएस नॅसवरच व्हीएम म्हणून टाकलेला बरा. म्हणजे खरेदी सीएमआर डिस्कपासूनच.

तोवर नव्या जॉबने केलेली १०५ ची बॅकअप फाइल चाचणीसाठी व्हीएम ९०५ म्हणून 'युनिक' (नेटवर्क कार्डला नवा मॅक पत्ता देणारा पर्याय) टिक करून रिस्टोअर केली. स्टॅटिक आयपी मूळ १०५ शी भिडू नये म्हणून सुरू करण्याआधी नेटवर्क कार्डची लिंक काढली. बूट झाली, पोस्टग्रेस रिकव्हरी करून उभं राहिलं.