तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं घातलं, तरी डिशमधल्या पेशींत चरबीचे थेंब का नाहीत?

"इन्सुलिन घातलं, डेक्सामेथासोन घातलं, आयबीएमएक्स (सीएएमपी मोडणाऱ्या विकराला अडवणारं औषध) घातलं. उंदराच्या ३टी३-एल१ पेशी (प्रयोगशाळेतली ठरलेली पेशीमालिका) चरबीने भरून येतात आणि माणसाच्या प्रीअ‍ॅडिपोसाइट्स, म्हणजे चरबीपेशी होऊ घातलेल्या पेशी, मात्र लांबट त्या लांबटच. असं का?"

पहिलं उत्तर आवडणार नाही: तो काढा उंदराच्या पेशींसाठीचा आहे. ३टी३-एल१ पेशी बदलण्याआधी एक-दोनदा विभागतात आणि त्यांना सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) चालतं. माणसाच्या प्रायमरी (थेट दात्याकडून घेतलेल्या) पेशींचं या विभाजनावाचून अडत नाही, आणि सिरम त्यांच्या आड येतं. त्यांना सिरममुक्त मीडियम (पेशी वाढवायचा द्रव) द्या, सोबत १-२ मायक्रोमोलर रोझिग्लिटाझोन (पीपीएआर-गॅमा सक्रिय करणारं औषध), ट्रान्सफेरिन (लोह वाहणारं प्रथिन), किंचित टी३ (थायरॉइडचं संप्रेरक). रोझिग्लिटाझोन वाचवायचं असेल तर वाचवा, पण मग हा प्रश्न मला विचारू नका.

खरा घोळ होतो तो चौथ्या दिवशी. ५०० मायक्रोमोलर आयबीएमएक्स फॉस्फोडायएस्टरेजला (सीएएमपी मोडणाऱ्या विकराला) अडवतं, सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू चढतो, क्रेब (जनुकं चालू करणारं प्रथिन) कामाला लागतं आणि काही तासांतच तसंच दुसरं प्रथिन सी/ईबीपी-बीटा वर येतं. डेक्सामेथासोन ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत सी/ईबीपी-डेल्टा वाढवतं. हे दोघं मिळून पीपीएआर-गॅमा, म्हणजे चरबीपेशी घडवणारा मुख्य नियंत्रक, चालू करतात. मग पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा एकमेकांना चालू ठेवतात. आयबीएमएक्सचं काम इथे संपलं. पण ते काढायला हात आखडतो: असू दे अजून दोन दिवस, फायदाच होईल. होतं उलटंच. तेच सीएएमपी आता प्रोटीन कायनेज ए-मार्फत पेरिलिपिन (थेंबावरचं आवरण-प्रथिन) आणि हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेजवर (चरबी तोडणाऱ्या विकरावर) फॉस्फेट चढवतं, आणि चरबी तुटायला लागते. केंद्रकाभोवती नुकतीच धरलेली थेंबांच्या चमकदार मण्यांची कडी विरळ होत जाते आणि ग्लिसरॉल मीडियममध्ये उतरतं. इन्सुलिन आहे ना, ते वाचवेल? ते चरबीचं विघटन रोखतं मुख्यतः फॉस्फोडायएस्टरेज ३बी चालवून, आणि तुम्ही तर फॉस्फोडायएस्टरेजच बांधून ठेवलंय.

म्हणून चौथ्या दिवशी आयबीएमएक्स, डेक्सामेथासोन आणि रोझिग्लिटाझोन काढा. इन्सुलिन, कॉर्टिसॉल, टी३ पुढे चालू ठेवा. मीडियम पूर्ण ओढू नका, तळाशी थोडं राहू द्या. नवं भिंतीवरून सोडा. नाहीतर भरलेल्या पेशी अलगद सुटून तरंगायला लागतात.

पीपीएआर-गॅमा चालू झाला की बाकी आपोआप होतं, असं मीच पूर्वी ठामपणे सांगायचे. १९९४ मध्ये फायब्रोब्लास्टमध्ये पीपीएआर-गॅमा२ घालून चरबीपेशी घडवल्या होत्या, त्याचा दाखलाही द्यायचे. तिथेही अनुकूल मीडियम आणि सक्रिय करणारे रेणू होतेच, हे सोयीस्करपणे गाळायचे. एफएबीपी४चा (चरबीपेशींची खूण मानल्या जाणाऱ्या जनुकाचा) आलेख वर गेलेला आणि डिशमध्ये थेंबच नाहीत, असंही होतं. (आलेख जीएपीडीएचवर, म्हणजे तुलनेसाठी स्थिर मानलेल्या जनुकावर, बेतला असेल तर त्यावरही विसंबू नका, इन्सुलिनने तोच हलतो.)

आणि तरीही, वेळा तंतोतंत पाळून एका दात्याच्या पेशी भरतात, दुसऱ्याच्या नाहीत. पॅसेज (पेशी नव्या डिशमध्ये हलवल्याची संख्या) वाढला की भरणाऱ्याही मंदावतात. तेव्हा पुढच्या वेळी विचारताना पॅसेज क्रमांक आणि आयबीएमएक्स काढल्याची तारीख सोबत आणा.