शॉकला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रुग्णालयांची संमतिपत्रं, सूचनापत्रकं मराठीत करून देणं हा माझा धंदा, त्यामुळे हा प्रश्न मला कोणीही, कुठेही विचारतं : शॉकला एक चपखल मराठी शब्द द्या ना. मी उलट विचारते, कुठला शॉक? आणि बसून किती दिवस झाले?

विजेचा असेल तर शोधाशोध करायचीच नाही. ‘शॉक लागला’ हे वायरमनपासून आजीपर्यंत सगळ्यांचं मराठी आहे. गंमत क्रियापदाची. वायरीचा शॉक लागतो, बातमीचा शॉक बसतो. शब्द बाहेरून आला, पण त्याच्याशी सोयरीक कोणाची लावायची ते आपण ठरवलं, आणि कुणी बसून ठरवलंही नाही.

मनाच्या शॉकला कोशातला पहिला शब्द ‘धक्का’. चांगला आहे, पण फार राबवलेला आहे. त्यात भाऊचा धक्काही येतो आणि लोकलमधली धक्काबुक्कीही. शिवाय धक्का बसला म्हणजे बसला, पुढे त्या माणसाचं काय झालं हे तो सांगत नाही. मराठीला मात्र नेमकं तेच सांगायची खोड आहे. दचकणं क्षणाचं. हबकलेला माणूस तास-दोन तासांत बोलायला लागतो. सुन्न झालेला दोन दिवस जेवत नाही. धसका घेतलेला वर्षानुवर्षं तसाच राहतो, वरून अगदी ठीक दिसतो. आणि हाय खाल्लेला परत येत नाही. ‘मुलगा गेला आणि म्हातारीनं हाय खाल्ली’ या वाक्यानंतर पुढचं कोणी विचारत नाही, कळलेलं असतं.

धसका म्हणजे काय ते बघायचं तर निफाड-दिंडोरीकडे जा. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, काढणीला आलेले द्राक्षांचे घड मातीत गेले. तो धक्का होता. त्यानंतर फेब्रुवारीत दुपारी आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून बागायतदार अंगणात येऊन वर बघत उभा राहतो, तो धसका. बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन दिसतं त्याच्या खर्चाचा हिशेब कृषी खातं मांडेल, पण त्यात धसक्याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

काळजाचे आवाज हा तर आणखी वेगळा विषय. अपरात्री फोन वाजला की धस्स होतं. कोणाच्या तरी घरातलं सामान रस्त्यावर काढून ठेवलेलं दिसलं की चर्र होतं. धस्स आपल्या माणसांसाठी, चर्र परक्यांसाठी, असं साधारण. इंग्रजीत दोन्हींना शॉक म्हणून भागेल. मराठीत अदलाबदल केलीत तर ऐकणारा लगेच चमकून बघेल.

‘हादरणं’ मात्र आता बाद झाल्यासारखं आहे. दिंडोरी, पेठ, कळवणकडे अधूनमधून जमीन खरोखर हलते, दिंडोरी रस्त्यावरच्या ‘मेरी’ या सरकारी संशोधन संस्थेत त्याची नोंदही होते. तेव्हा बातमी येते, ‘सौम्य धक्का’. आणि कुठे खून झाला की ‘नाशिक हादरलं!’. आठवड्यातून दोनदा हादरणाऱ्या शहरात राहून मला तर काही जाणवत नाही.

इंग्रजीला कमी लेखायचं नाही. शॉक हा मुळात रणांगणातला, दोन सैन्यांच्या टकरीचा शब्द, पुढे तो सैनिकांच्या डोक्यापर्यंत पोचला. ‘शेल शॉक’ हा शब्द 1915 साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. पण सावकाश चढणाऱ्या त्रासासाठी गोऱ्या सैनिकांनी शब्द उचलला तो आपल्या देवळालीतून. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, ऊन, दारू. डोकं फिरायचं. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणायला लागले, देवळालीचा ताप. ताप गळाला, डूलॅली उरलं, आणि इंग्लंडात आजही वेडसरपणाला ते वापरतात.

आता माझ्या कामातला शॉक, जिथे मी भाषांतर करायला साफ नकार देते. ‘पेशंट शॉकमध्ये गेलाय’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा मनाचा काही संबंध नसतो. रक्ताभिसरण इतकं अपुरं पडतं की शरीरातल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. रक्त फार गेलं, जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, हृदय कमजोर पडलं, किंवा एखाद्या औषधाची तीव्र ॲलर्जी आली, कारणं बरीच. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक मात्र ‘शॉक’ ऐकून एकमेकांकडे बघतात : ‘त्यांना जमिनीचं सांगितलं कोणी?’ तिथे ‘धक्का’ किंवा ‘आघात’ लिहिला तर गैरसमजावर शिक्काच. म्हणून मी शब्द ‘शॉक’च ठेवते आणि त्याखाली लिहिते : ‘रक्तदाब फार उतरला आहे, शरीराला रक्त पुरत नाही, जिवाला धोका आहे.’ घरी द्यायच्या पत्रकात आणखी चार ओळी. हातपाय गार आणि घामेजलेले, नाडी जलद पण क्षीण, बोलणं असंबद्ध, असं दिसलं तर माणसाला आडवं झोपवा, पांघरूण घाला, तोंडानं पाणीसुद्धा देऊ नका, 108ला फोन करा. पाण्याची ओळ ठळक छापायला सांगते, कारण आपल्याकडे माणूस कोसळला की पहिला तांब्याच पुढे येतो.