काठावरची केंद्रकं

परवा सिंहगड उतरले आणि दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. मुलगा म्हणाला, "आई, लॅक्टिक ॲसिड साचलंय." पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणतीस वर्षं स्नायूंचे काप काढलेल्या बाईला हे सांगतोय! अरे, ते तास-दोन तासांत ओसरतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला ब्रेकही लावायचा असतो, त्यात बारीक इजा होते. दुखणं त्याचं.

बायोप्सीचा तुकडा द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात गोठवायचा. थेट नायट्रोजनमध्ये टाकलात तर बर्फाचे कण होऊन तंतूंची चाळण होते (नवीन मुली हमखास करतात). काप रंगवला की गुलाबी तंतू दिसतात आणि निळी केंद्रकं काठाला चिकटलेली. एखाद्या तंतूत केंद्रक मधोमध दिसलं, तर बहुधा तो नुकता दुरुस्त झालेला.

ही केंद्रकं येतात कुठून? तंतूतली केंद्रकं तर विभागत नाहीत. १९६१ साली न्यूयॉर्कला अलेक्झांडर मौरो या संशोधकाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत तंतूच्या पडद्याला बिलगलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्या सॅटेलाइट पेशी. एरवी झोपलेल्या. तंतू फाटला की आधी भक्षक पेशी मलबा उचलतात, मग या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. काही मात्र परत जागेवर जाऊन झोपतात, पुढच्या खेपेसाठी. आमच्या साध्या मायक्रोस्कोपवर त्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत. मी आयुष्यभर त्यांचं काम पाहिलं, त्यांना नाही.

ड्युशेन या स्नायूंच्या जन्मजात आजाराच्या मुलांच्या स्लाइड अजून डोळ्यांपुढे येतात. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन नसल्यामुळे तंतू फाटतात. पेशी दुरुस्त करतात, पण नव्या तंतूतही तोच दोष, म्हणून तोही फाटतो. तुकडा आणायला गेले की एखादी आई म्हणायची, "मावशी, पोटऱ्या बघा ना किती भरल्यात, ताकद येतेय ना?" मी "डॉक्टर सांगतील" म्हणून डबी उचलायचे. काप मांडीचा असायचा. त्यात मोजके गुलाबी तंतू, त्यांच्यामध्ये पांढरी, रिकामी वर्तुळं. चरबी. पोटरीतही तीच भरलेली असायची.