साठ माणसे आणि पन्हाळा

पन्हाळा म्हटले की सिद्दी जौहरचा वेढा, ऐन पावसातली ती रात्र आणि बाजीप्रभूंची घोडखिंड डोळ्यांपुढे उभी राहते. ते साहजिकच आहे. मात्र त्या हकिकतीच्या तेजात याच गडावरचा दुसरा एक प्रसंग झाकोळून गेला आहे. ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला. हा विजय नीट समजून घ्यायचा असेल, तर त्याआधीचा याच गडावरचा पराभव ध्यानात घ्यायला हवा, असे माझे मत आहे.

अफजलखानाच्या वधानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला होता. पुढल्याच वर्षी जौहरच्या वेढ्यातून निसटल्यावर तो आदिलशाहीला सोडून द्यावा लागला. पुरंदरच्या तहानंतर महाराज मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या विजापूर मोहिमेत सामील झाले, तेव्हा हाच गड परत घेण्याची संधी त्यांना दिसली आणि १६ जानेवारी १६६६ रोजी त्यांनी रात्री उशिरा गडावर एल्गार केला. परंतु किल्ल्यातली शिबंदी सावध होती, नेताजी पालकर वेळेवर येऊन पोहोचले नाहीत आणि सुमारे हजार माणसे कामी आली. महाराजांना विशाळगडाकडे माघार घ्यावी लागली, आणि या प्रकरणातून बेबनाव वाढून नेताजींसारखा सेनापती विजापूरकरांना जाऊन मिळाला. महाराजांच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीत इतका सरळसरळ फसलेला हल्ला क्वचितच सापडतो.

पुढे सात वर्षांनी त्याच गडावर हजारांऐवजी साठच माणसे पाठवण्याचे ठरते, तेव्हा त्यामागे जुन्या अपयशाचा विचार झाला असणारच. पन्हाळ्याचा घेर जवळजवळ सात किलोमीटरचा आहे. एवढी तटबंदी राखायची म्हणजे पहारेकरी लांब लांब पांगलेले असणार आणि एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळायला वेळ लागणार. मोठी फौज चालून येताना तिची चाहूल लागतेच. साठ माणसे मात्र अंधाराचा फायदा घेऊन कड्यापर्यंत जाऊ शकतात. त्यातच २४ नोव्हेंबर १६७२ रोजी दुसरा अली आदिलशहा वारला, गादीवर लहान मूल आले आणि विजापूरच्या दरबारात सरदारांची ओढाताण सुरू झाली. ती वेळ महाराजांनी बरोबर हेरली.

या मोहिमेची तपशीलवार हकिकत आपल्याला मिळते ती जयराम पिंड्ये यांच्या ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ या संस्कृत काव्यातून. जयराम महाराजांचे समकालीन होते आणि घटना ताजी असतानाच त्यांनी ती शब्दबद्ध केली. काव्य असल्यामुळे त्यात अलंकार आहेत, थोडी अतिशयोक्तीही आहे. परंतु प्रसंगाचा सांगाडा भक्कम आहे. मोहिमेची आखणी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांच्याकडे होती. त्यांनी हेरांकरवी गडाची माहिती काढली, निवडक साठ जण कोंडाजींबरोबर पुढे पाठवले आणि स्वतः जास्तीची फौज घेऊन पायथ्याच्या जंगलात दबा धरून राहिले. मोहिमेवर निघण्यापूर्वी महाराजांनी कोंडाजींना सोन्याचे कडे देऊन गौरवले होते. बक्षीस सहसा कामगिरी फत्ते झाल्यावर मिळते. इथे ते आधीच हातात घातले होते.

रात्रही विचारपूर्वकच निवडलेली दिसते. फाल्गुन वद्य त्रयोदशीला चंद्र उगवतो तो पहाटे, सूर्योदयाच्या थोडाच आधी, त्यामुळे जवळजवळ सगळी रात्र गडद अंधार. त्या अंधारात मावळे कडा चढून वर पोहोचले आणि मग त्यांनी जे केले ते मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तोपर्यंत श्वासाचाही आवाज होऊ न देणाऱ्या या लोकांनी चारही बाजूंना पांगून एकदम कर्णे फुंकले. झोपेतून दचकून उठलेल्या शिबंदीला शत्रू कुठून आला, किती आला आणि तोंड कुठे द्यायचे, हेच कळेना. गडाचा जो विस्तार एरवी त्याचे बळ होता, तोच त्या घटकेला राखणाऱ्यांच्या मुळावर आला. किल्लेदार बाबूखान शस्त्र घेऊन धावला. कोंडाजींनी त्याला ठार केले. नागोजी पंडित नावाचा अधिकारी पळून गेला. त्यानंतरची लढाई फार लांबली नाही.

गड आल्याची खबर रायगडावर पोहोचल्यावर महाराज स्वतः पन्हाळ्यावर आले. पुढच्या काही महिन्यांत परळी आणि साताराही स्वराज्यात आले. विजापुराहून बहलोलखान चालून आला, त्याला सेनापती प्रतापराव गुजरांनी उमराणीला कोंडले आणि सोडूनही दिले. त्या प्रकरणाचा शेवट फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला प्रतापरावांच्या मृत्यूने झाला, ते सर्वांना ठाऊक आहे.

कोंडाजींचे नाव आज निदान घेतले तरी जाते. अण्णाजींच्या वाट्याला तेही येत नाही. संभाजीराजांविरुद्धच्या कटामुळे त्यांच्याविषयी मनात जी अढी बसली, ती त्यांच्या आधीच्या कामगिरीवरही पसरली, आणि पन्हाळ्याची गोष्ट सांगताना जंगलात थांबलेली ती फौज बहुतेक वेळा गाळलीच जाते. हे मला योग्य वाटत नाही. पुढचा अपराध आहे तसा सांगावा, पण १६७३ ची आखणीही ज्याची त्याच्या पदरात घालावी. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. त्यांना कैद करण्यासाठी पेशवे मोरोपंतांसह जे पन्हाळ्याच्या दिशेने निघाले, ते हेच अण्णाजी दत्तो. सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी मात्र त्यांनाच वाटेत कैद केले आणि संभाजीराजांपुढे हजर केले.