मोडीची पहिली ओळ

माझी भाची संस्कृतात एम. ए. झाली आणि पुढे काय करावे, हे विचारायला परवा बडोद्यात मांडवीजवळच्या आमच्या घरी आली. मी तिला महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे प्राच्यविद्या मंदिर सुचवले. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत तिथूनच निघाली, आणि हस्तलिखितांतले पाठभेद ताडून पाहायला शिकायचे तर बडोद्यात त्याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हे तिच्या आईला अधिक पटले. मी मात्र आजोबांची मोडीतली वही पुढे ठेवली. आधी आखलेल्या शिरोरेषेखाली सलग लिहिलेली, शब्दांत जागा न सोडलेली ती पहिली ओळ लावायला तिला पाऊण तास लागला.